विमानाच्या लँडिंग गिअरची सक्तीची तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१२ सप्टेंबर २०२५ रोजी कांडल्याहून मुंबईला निघालेल्या एका क्यू४०० या पंख्यांच्या छोट्या प्रवासी विमानाचं बाहेरच्या बाजूचं चाक उड्डाणानंतर कांडल्याच्या धावपट्टीवर सापडलं. विमान मुंबईत सुखरूप उतरलं. पण त्या आठवड्यात नातेवाइकांचे, सोसायटीतल्या मंडळींचे फोन काही थांबेनात. हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्त करायच्या शेडमध्ये, नोकरी केलेल्या माणसाचं हे असंच असतं. जगातल्या कुठल्याही विमानाचं काही बिनसलं की जाब आपल्याला. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

चाकच गळून पडलं, मग तपासणी नावाची गोष्ट असते तरी का?

असते, आणि ती एकाखाली एक धरलेल्या चाळण्यांसारखी असते. दोन उड्डाणांच्या मधली धावती नजर, रोजची तपासणी, ठरावीक तासांनी किंवा महिन्यांनी होणाऱ्या मोठ्या तपासण्या, आणि काही वर्षांनी अख्खा गिअर, म्हणजे चाकं धरणारा पाय, विमानाखालून उतरवून केलेलं ओव्हरहॉल. पहिल्या दोन चाळण्यांत माणसाचे डोळे आणि हातातला टॉर्च, शेवटच्या चाळणीत रसायनं, चुंबक आणि अतिनील दिवे. एकीतून निसटलेलं दुसरीत अडकावं, हा हेतू. तरीही काही निसटलं तर विमानाने तग धरावा म्हणून क्यू४००च्या प्रत्येक मुख्य पायाला दोन चाकं असतात. त्या दिवशी जोडीतलं उरलेलं चाक उपयोगी पडलं.

‘सक्तीची’ तपासणी म्हणजे सक्ती नेमकी कुणाची?

इथे लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

विमान बनवणारी कंपनी वेळोवेळी सर्व्हिस बुलेटिन काढते: अमुक भागात अमुक दोष दिसला आहे, तमुक पद्धतीने बघून घ्या. ही कंपनीची शिफारस असते. त्याच दोषामुळे विमान असुरक्षित ठरतं असं सरकारी नियामकाला वाटलं, की तो एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह काढतो. हँगरच्या भाषेत एडी. एडी आली की शिफारस संपली आणि कायदा सुरू झाला. दिलेल्या मुदतीत ते काम झालं नाही, तर ते विमान उडवणंच बेकायदा.

कोणाची एडी कोणाला लागू, हे विमानाच्या जन्मगावावरून ठरतं. बोइंगचं जन्मगाव अमेरिका, म्हणून तिथली एफएए. एअरबस आणि एटीआर युरोपचे, म्हणून ईएएसए. क्यू४०० कॅनडाचं, म्हणून ट्रान्सपोर्ट कॅनडा. भारतात नोंदलेल्या विमानांवर या एडी पाळण्याचं बंधन आपली नियामक संस्था डीजीसीए घालते. यामागचा मूळ कायदा १ जानेवारी २०२५पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा आहे. त्याआधी १९३४चा होता.

एडी वाचायला रुक्ष असते. कुठली मॉडेलं, कुठले अनुक्रमांक, दोष काय, काय करायचं आणि किती मुदतीत, बस. त्या शेवटच्या शब्दावर लक्ष ठेवा. या पानावरच्या बहुतेक गोष्टी ‘मुदत’ या शब्दाभोवतीच फिरतात.

रोज उड्डाणाआधी कोण काय बघतं?

इंजिनिअर आणि वैमानिक, दोघंही विमानाभोवती फेरी मारतात. गिअरपाशी आल्यावर टायरला काप किंवा फुगवटा आहे का, हायड्रॉलिक तेल ठिबकतंय का, ब्रेकची झीज दाखवणारी छोटी पिन किती बाहेर उरली आहे, हे बघतात. आणि पायातली ती चकचकीत दांडी. गिअरच्या पायात तेल आणि नायट्रोजन भरलेला मोठा शॉक अब्सॉर्बर असतो. त्याची चकचकीत दांडी ठरल्यापेक्षा कमी दिसली तर पाय ‘बसलाय’, म्हणजे वायू किंवा तेल कमी झालंय.

मुंबईच्या पावसात रात्री दोन वाजता हे काम करताना दांडीवरून ओघळणारं पाणी कुठलं आणि तेल कुठलं, हे शेवटी बोटाने पुसूनच ठरवावं लागतं. हे कुठल्याच टास्क कार्डवर, म्हणजे कामाच्या छापील यादीवर, लिहिलेलं नसतं.

गिअरचं वय उड्डाणाच्या तासांत का मोजत नाहीत?

कारण हवेत असताना गिअर पोटात घडी करून निवांत बसलेला असतो. त्याला दमवतं ते टेकणं, ब्रेक, वळणं आणि पुन्हा उचलणं. म्हणून त्याचं वय लँडिंगमध्ये मोजतात, आणि जोडीला वर्षांत, कारण गंज काही लँडिंगची वाट बघत नाही.

मुंबई–दिल्ली–गोवा अशा फेऱ्या मारणारं ए३२० दिवसाला सहा वेळा उतरलं तर वर्षाची झाली २,१९० लँडिंग. या आकाराच्या विमानांच्या गिअरची ओव्हरहॉलची मुदत साधारण १० वर्षं किंवा २० हजारांच्या आसपास लँडिंग अशी असते, यातलं जे आधी येईल ते. म्हणजे आपल्या या विमानाला लँडिंगचा आकडाच आधी गाठेल, नवव्या-दहाव्या वर्षी. उलट लांब पल्ल्याचं विमान दिवसाला दोनदाच उतरतं. दहा वर्षांत त्याची जेमतेम ७,३०० लँडिंग होतात. तिथे मुदत ठरवतं ते कॅलेंडर.

ही मुदत ठरवतं कोण? कंपनीला ती वाढवून घेता येते का?

विमान बनवणारी कंपनी आकडा सुचवते, नियामक देखभाल कार्यक्रम मंजूर करतो. काही मुदतींना हातच लावता येत नाही. ठरावीक लँडिंगनंतर तो भाग भंगारातच, मग तो दिसायला कितीही चांगला असो. ओव्हरहॉलची मुदत मात्र पुरेसा अनुभव आणि आकडेवारी दाखवून वाढवून मागता येते. ‘पुरेसा’ म्हणजे किती, तिथे खरी मेख आहे.

२८ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत फोर्ट लॉडरडेलला फेडएक्सचं एक मालवाहू एमडी-१० उतरलं आणि त्याचा डावा मुख्य पाय मोडला. विमान पंखावर घसरत गेलं, पेटलं. दोन्ही वैमानिक वाचले. वायू भरण्याच्या व्हॉल्व्हसाठी पाडलेल्या भोकात थकव्याचा, म्हणजे पुन्हा पुन्हा ताण पडून येणारा, तडा सुरू झाला होता. विमान बनवणाऱ्यांची शिफारस होती आठ वर्षांनी ओव्हरहॉल करा. विमान कंपनीच्या कार्यक्रमात नऊ वर्षं होती. पाय मोडला तो या दोन आकड्यांच्या मधल्या काळात. पुरेशी माहिती आणि विश्लेषण नसताना शिफारशीपेक्षा लांबवलेल्या मुदतीचाही यात हात होता, असं अमेरिकेच्या एनटीएसबी या अपघात तपासणाऱ्या संस्थेने अहवालात स्पष्ट लिहिलं. विमान मालवाहू असलं तरी हे उदाहरण मी इथे मुद्दाम घेतलंय, कारण प्रवासी विमानांच्या मुदतीही याच रीतीने ठरतात.

ओव्हरहॉलमध्ये नक्की काय करतात?

सगळा गिअर सुटा करतात. प्रत्येक बुश (भोकात बसवलेली धातूची नळी), प्रत्येक पिन वेगळी. रंग काढतात, कॅडमियमचा मुलामा काढतात, क्रोम काढतात, उघडं पोलाद हाती येईपर्यंत. कारण तडा या सगळ्याखाली दडलेला असतो.

मग पोलादाचा भाग चुंबकित करून त्यावर चमकणारे चुंबकीय कण असलेला द्रव सोडतात आणि अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा लावतात. तडा असेल तिथे चुंबकीय रेषा बाहेर पडतात, कण तिथे गोळा होतात आणि केसाएवढी हिरवट पिवळी रेघ उजळून दिसते. चुंबक न लागणाऱ्या धातूंसाठी झिरपणारं चमकतं रसायन वापरतात. हे पहिल्यांदा बघणारा पोरगा हमखास म्हणतो, एवढीशी रेघ?

एवढीशीच. गिअरसाठी वापरलं जाणारं ३००एम हे पोलाद इमारतीच्या सळईच्या तिपटीहून जास्त ताण सोसतं. पण अशा बलवान पोलादाचा स्वभाव असा की ते वाकत नाही, इशारा देत नाही. तडा अगदी लहान असतानाच एका फटक्यात तुटू शकतं. विमानाच्या पत्र्यात तडा किती वेगाने वाढेल हे मोजून पुढच्या तपासणीपर्यंत थांबता येतं. गिअरमध्ये तशी उसंत मिळत नाही. म्हणून तडा सुरू होण्याच्या कितीतरी आधीच भाग निवृत्त करायचा, हे गिअरमागचं गणित.

यात आणखी एक अवघड वळण आहे. नवा मुलामा चढवताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते ठिसूळ होतं. म्हणून मुलाम्यानंतर भाग भट्टीत १९० अंश सेल्सिअसच्या आसपास जवळजवळ दिवसभर भाजतात. हे भाजणं चुकवलं तर दुरुस्तीच दुखणं होऊन बसते, आणि वरून भाग अगदी नवाकोरा दिसतो.

सापडलेला तडा वेल्डिंग करून बुजवता येत नाही का?

नाही. ठरलेल्या मर्यादेत घासून निघाला तर ठीक, नाहीतर भंगार. आणि भंगार करताना त्याचे तुकडे करतात किंवा तो कायमचा निकामी करतात, म्हणजे कुणी पुसून-रंगवून परत बाजारात आणू नये.

याच कारणासाठी गिअरच्या ठरावीक आयुष्याच्या प्रत्येक भागाची कारखान्यातून बाहेर पडल्यापासूनची कुंडली लागते: कुठल्या विमानावर होता, किती लँडिंग झाली, कोणी ओव्हरहॉल केलं. मधली काही वर्षं कागदावर सापडत नसतील तर धडधाकट भागसुद्धा वापरता येत नाही. विमान विकताना इंजिनांवर होतात तसे वाद या कुंडल्यांवरूनही होतात.

एखादी सक्तीची तपासणी जन्माला येते तरी कशी?

सगळ्यात बोलकं उदाहरण पुन्हा क्यू४००चंच. ९ सप्टेंबर २००७, डेन्मार्कमधलं ऑलबोर्ग. एसएएस कंपनीचं विमान उतरताना उजवा मुख्य पाय कोसळला. तीन दिवसांनी, १२ सप्टेंबरला, त्याच कंपनीच्या दुसऱ्या क्यू४००चं लिथुआनियात विल्नियसला तेच झालं. तोच पाय, तीच बाजू. कोणी दगावलं नाही.

पाय वर-खाली करणारा एक हायड्रॉलिक दट्ट्या असतो. त्याची दांडी टोकाच्या भागात आट्यांनी घट्ट बसवलेली असते. त्या आट्यांना आतून गंज लागून दांडी टोकापासून सुटली होती. हा गंज बाहेरून फेरी मारताना दिसतच नाही. विल्नियसनंतर, तेव्हा क्यू४०० बनवणाऱ्या बॉम्बार्डियरने १० हजारांहून जास्त लँडिंग झालेली सगळी क्यू४०० तपासणी होईपर्यंत जमिनीवर ठेवायला सांगितली आणि कॅनडाच्या नियामकाने सक्तीचा आदेश काढला. एरवी नियम करताना आधी मसुदा, मग हरकती, मग अंतिम आदेश असं महिनोन्महिने चालतं. इथे ते दिवसांत उरकलं, कारण दोन तुटके दट्टे टेबलावर होते.

गोष्ट इथेच संपली असती तर छान झालं असतं. २७ ऑक्टोबरला कोपनहेगनला उतरताना एसएएसच्या तिसऱ्या क्यू४००चा पाय दगा देऊन गेला, पुन्हा उजवाच. तपासणीची धावपळ गंजाच्या मागे होती आणि यावेळी कारण निघालं वेगळंच: हायड्रॉलिक मार्गात अडकलेली एक रबरी रिंग. दुसऱ्याच दिवशी कंपनीने ही विमानं आपल्या ताफ्यातून कायमची काढून टाकायचं जाहीर केलं. एडी तुम्हाला ज्या जागी बोट ठेवून बघायला सांगते, तिथलंच उत्तर देते. शेजारची जागा बघायला माणूसच लागतो.

एडी निघाली म्हणजे त्या दिवसापासून धोका संपला ना?

नाही, मुदत संपेपर्यंत नाही. इथे लंडनच्या हीथ्रो विमानतळाची गोष्ट सांगायलाच हवी.

बोइंग ७८७च्या पुढच्या पायात सुरक्षापिन घालायच्या भोकाशेजारी दुसरं तसंच भोक आहे. विमान उभं असताना पाय मिटू नये म्हणून ही पिन घालतात. शेजारच्या भोकात घातली तर ती नुसती शोभेची. असा प्रकार आधी एकदा घडल्यावर एफएएने एडी काढली: ते दुसरं भोक बुजवा. आदेश १६ जानेवारी २०२०पासून लागू, मुदत ३६ महिने.

१८ जून २०२१ रोजी हीथ्रोवर ब्रिटिश एअरवेजचं एक ७८७ मालाचं लोडिंग चालू असताना उभं होतं. एका दोषाचा संदेश काढण्यासाठी गिअरचा लिव्हर वर करून बघायचा होता. त्याआधी पिना घातल्या गेल्या. मुख्य मेकॅनिकचा हात भोकापर्यंत पोचत नव्हता, म्हणून त्याने जागा दाखवली आणि शिडीवरच्या सहकाऱ्याने पिन घातली. शेजारच्या भोकात. लिव्हर वर केला आणि पुढचा पाय मिटून विमानाचं नाक जमिनीवर आपटलं. किरकोळ दुखापतींवर निभावलं.

भोक बुजवायचं ते काम या विमानावर अजून झालेलं नव्हतं, आणि कायद्याने ते चुकीचंही नव्हतं. मुदत २०२३पर्यंत होती. ३६ महिने देण्यामागे कारणं असतात: जगभरातली विमानं, सुटे भाग, हँगरमधली जागा. पण एका छोट्या बुशसाठी तीन वर्षं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

तपासणी करतानाच चूक झाली तर?

होते. २९ डिसेंबर २०१४ रोजी गॅटविकहून लास व्हेगसला निघालेल्या व्हर्जिन अटलांटिकच्या ७४७चा उजव्या पंखाखालचा पाय नीट खाली येईना. परत गॅटविकला उरलेल्या पायांवर सुखरूप उतरवलं. पाय हलवणारा दट्ट्या उलटा बसवला गेला होता. तो भाग अवजड असतो, जागा अडचणीची, आणि उलटासुद्धा बसतो. म्हणून अशा कामांवर दुसऱ्या, त्या कामात हात न घातलेल्या माणसाची स्वतंत्र तपासणी लागते. शिवाय विमान जॅकवर उचलून गिअर आत-बाहेर करून बघतात. त्याला आम्ही गिअर स्विंग म्हणतो. आकाराने केवढंही असो, जॅकवरचं विमान पाय मिटताना बघून नवा माणूस दोन पावलं मागे सरकतोच.

टायरमध्ये साधी हवा का भरत नाहीत?

कारण १६७ माणसं त्यामुळे गेली. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकाना कंपनीच्या बोइंग ७२७चा एक ब्रेक अडकून चाक तापलं, आणि उड्डाणानंतर चाकांच्या कप्प्यात टायर फुटून इंधनाच्या व हायड्रॉलिकच्या नळ्या तुटल्या. टायरमध्ये नायट्रोजनऐवजी हवा होती. तापलेल्या रबराच्या वाफा आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की टायर आतून पेट घेतो. १९८७ साली एफएएने एडी काढली: कोरडा नायट्रोजनच भरा, ऑक्सिजन पाच टक्क्यांहून जास्त नको.

दाब किती, हेही तितकंच महत्त्वाचं. ए३२०च्या मुख्य टायरचा दाब २०० पीएसआयच्या आसपास असतो, गाडीच्या टायरच्या सहापट. ११ जुलै १९९१ रोजी जेद्दाहून नायजेरियातल्या यात्रेकरूंना घेऊन निघालेल्या डीसी-८चे टायर कमी दाबाचे होते. मेकॅनिकांच्या ते लक्षात आलं होतं, पण नायट्रोजन हाताशी नव्हता आणि उशीर परवडणारा नव्हता. धावपट्टीवरच टायर फुटले, आग लागली, २६१ जण गेले.

विमान जोरात आदळलं तर तपासणी होते का?

प्रवाशाला जे ‘आदळणं’ वाटतं ते बहुतेक वेळा नियमातलंच असतं. ओल्या धावपट्टीवर वैमानिक मुद्दाम ठामपणे टेकवतात. कमाल लँडिंग वजनाला सेकंदाला १० फूट वेगाने उतरलं तरी गिअरने ते सोसावं, असा नियमच आहे. रोजचं लँडिंग त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याने होतं. पण वैमानिकाने ‘हार्ड लँडिंग’ अशी नोंद केली किंवा यंत्रातल्या नोंदीत झटका मर्यादेबाहेर दिसला, की ठरलेली तपासणी झाल्याशिवाय विमान सुटत नाही. टायर फुटला, ब्रेक तापले, विमान धावपट्टीवरून बाहेर गेलं, तरीही तेच.

चाकं उघडलीच नाहीत तर?

बहुतेक विमानांत हायड्रॉलिक बंद पडलं तरी कुलूप सोडून गिअर स्वतःच्या वजनाने खाली पडू देता येतो. ही सोय चालते का, हेही मोठ्या तपासणीत बघतात. १ नोव्हेंबर २०११ रोजी वॉर्सात लॉट कंपनीचं ७६७ चाकांशिवाय पोटावर उतरलं. कॅप्टन तादेउश व्रोना यांनी ते इतकं अलगद टेकवलं की २३१ पैकी कोणालाच गंभीर इजा झाली नाही. हायड्रॉलिक गेलं होतं, आणि पर्यायी व्यवस्थेला वीज देणारा सर्किट ब्रेकर बाहेर निघालेला होता, म्हणजे वीज तुटलेली होती. नंतर विमान उचलून तो ब्रेकर दाबला, तर चाकं आपली सुरळीत खाली आली.

मग ते तिरुचिरापल्लीचं विमान दोन तास घिरट्या का घालत होतं?

११ ऑक्टोबर २०२४चं शारजाला निघालेलं ७३७. हायड्रॉलिकमध्ये बिघाड, विमान इंधनाने भरलेलं. ७३७ला इंधन हवेत सोडायची सोयच नसते, म्हणून ते जाळून वजन कमी करावं लागतं. टीव्हीवर ते भयंकर वाटलं. कॉकपिटमध्ये तो हिशेबाचा भाग होता, आणि विमान सुखरूप उतरलं.

प्रवाशाला काही दिसलं तर सांगावं का?

सांगावं. खिडकीतून चाकाजवळ धूर, लोंबणारं काही, वाहणारं तेल दिसलं तर केबिन क्रूला सांगा, फोटो नंतर. फक्त एक लक्षात ठेवा: ७३७ खालून जाताना पोटात गोल चाकं उघडी दिसतात, त्यांना बाहेरून झाकण्याइतकं दारच नसतं. यावरून आजवर मला निदान पाच जणांनी घाबरून फोन केलाय.